कुणाच्या नावावर राहायचं?

रविवारी सकाळी नऊपर्यंत कुणी कुणाची बेल वाजवायची नाही, असा बोरीवली पूर्वेच्या आमच्या सोसायटीचा अलिखित नियम आहे. मागच्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी तो मोडला. सव्वाआठला दारात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या. हातात पेढ्यांचा पुडा आणि मागे त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा.

"काकू, ह्याला नायजेरियात नोकरी लागली. लागोसला. पुढच्या गुरुवारी निघायचंय. तुम्ही राहून आलाय ना तिकडे, जरा चार गोष्टी सांगा ह्याला."

चार गोष्टी म्हणजे तूरडाळ मिळते का, डास फार आहेत का, पाऊस कसा असतो, ह्या. त्या मी सांगितल्याही असत्या. पण पेढा घेता घेता माझ्या तोंडून आधी दुसराच प्रश्न निघाला.

"व्हिसा कसला आहे रे?"

"बिझनेस व्हिसा, काकू. दोन दिवसांत ई-मेलवर आला. एजंट म्हणाला, आत्ता ह्याच्यावर जा, पोचल्यावर कंपनी तो बदलून देईल. सगळे असंच जातात."

गॅलरीत पेपर वाचत बसलेल्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. 'सगळे असंच जातात' हे वाक्य आम्ही पंचेचाळीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं.

त्याचं असं झालं. १९८० साली हे लालबागच्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते आणि मी बोरीवलीच्या एका शाळेत गणित शिकवत होते. बोरीवली तेव्हा शेवटच्या लोकलचं गाव. नॅशनल पार्कच्या बाजूने रात्री रातकिडे ऐकू यायचे. नायजेरियात त्या काळी तेलाचा पैसा वाहत होता. एका नायराला दीड डॉलरच्या वर मिळत. १९७६ मध्ये तिथल्या सरकारने प्राथमिक शिक्षण सर्वांना मोफत केलं होतं आणि शिक्षक कमी पडत होते, म्हणून आपल्याकडचे शिक्षक जात होते. १९७९ ते १९८२ तिथल्या रेल्वेचा कारभारच भारत सरकारच्या 'राइट्स' कंपनीकडे होता. कापडगिरण्या निघत होत्या आणि त्यांना मुंबईची जाणती माणसं हवी होती. ह्यांना बोलावणं आलं. पगार इथल्या पाचपट. मी राजीनामा दिला, दोन वर्षांच्या लेकाला काखेला मारलं आणि निघालो.

कागद कुणी वाचले? कुणीच नाही. लागोसला उतरल्यावर कंपनीच्या माणसाने तिघांचे पासपोर्ट मागून घेतले, 'शिक्के मारून देतो' म्हणाला आणि ते कंपनीच्या तिजोरीत गेले. माझ्या पासपोर्टावरच्या शिक्क्याचा अर्थ मला तीन महिन्यांनी कळला. मी तिथे फक्त 'बरोबर आलेली पत्नी' होते. वेगळ्या परवानगीशिवाय मला नोकरी करता येणार नव्हती. बी.एस्सी., बी.एड.चं प्रमाणपत्र ट्रंकेत तळाशी होतं, ते चार वर्षं तळाशीच राहिलं.

माझी कुरबूर एवढ्यापुरतीच राहिली असती. पण १९८३ चा जानेवारी उजाडला.

इकॉनॉमिक कम्युनिटी ऑफ वेस्ट आफ्रिकन स्टेट्स, म्हणजे 'इकोवास', ही पश्चिम आफ्रिकेतल्या देशांची संघटना. तिच्या १९७९ च्या करारामुळे एका देशाच्या माणसाला दुसऱ्या सभासद देशात ९० दिवस व्हिसाविना जाता येऊ लागलं. घाना तेव्हा हलाखीत होता आणि नायजेरियात काम होतं. लाखो लोक आले आणि ९० दिवस संपल्यावरही राहिले. कुणी विचारत नव्हतं. मग तेलाचे भाव घसरले, नोकऱ्या आटल्या, निवडणूक तोंडावर आली आणि १७ जानेवारी १९८३ रोजी अध्यक्ष शेहू शगारी यांच्या सरकारने जाहीर केलं, की कागदपत्रांविना राहणाऱ्या परदेशी मजुरांनी ३१ जानेवारीपर्यंत देश सोडावा. चौदा दिवस! कुशल कामगारांना फेब्रुवारीअखेरपर्यंतची सवलत होती. सुमारे वीस लाख माणसं निघाली असं सांगतात. त्यांतली निम्मी घानाची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक घानाचा शिंपी बसायचा. माझे ब्लाऊज तोच शिवायचा. पहिला बिघडवला, मग शिकला. तीन वर्षं राहत होता. कागद विचाराल तर ते ९० दिवसांचे. त्याने बाजारातून लाल-निळ्या चौकटींची मोठी नायलॉनची पिशवी आणली. यंत्राचं वरचं डोकं त्यात बसलं. खालचं पायट्याचं लोखंडी स्टँड काही बसेना. ते माझ्या व्हरांड्यात ठेवून म्हणाला, "मॅडम, मी परत येईन तेव्हा नेईन." ट्रक भरून माणसं बेनिनच्या सीमेकडे चालली होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर तसलीच पिशवी. पुढे तर घानाची सीमाच बंद होती. ती महिनाअखेरीस उघडेपर्यंत हजारो लोक मध्येच अडकून पडले. त्या पिशवीला त्या मुलखात आजही 'घाना मस्ट गो' म्हणतात, म्हणजे 'घानावाल्यांनो, चालते व्हा'. आणि गंमत नव्हे, दैव असं, की १९६९ च्या नोव्हेंबरात घानाने हेच केलं होतं. पंतप्रधान कोफी बुसियांच्या सरकारने परवाना नसलेल्या परदेशी लोकांना दोन आठवड्यांत बाहेर जायला सांगितलं, आणि त्यांत नायजेरियाचेच लोक फार होते.

त्या रात्री मी ह्यांना विचारलं, "आपला कागद कुठे आहे?"

"कंपनीच्या तिजोरीत."

"त्यावर लिहिलंय काय?"

ह्यांना सांगता येईना. आम्हाला कुणी हात लावला नाही, कारण आमचे कागद ठीक होते. पण ते ठीक आहेत हे आम्हाला नव्हे, कंपनीला माहीत होतं.

आता मुद्द्यावर येते, कारण हाच मुद्दा त्या रविवारी मी त्या मुलाला तासभर समजावला. व्हिसा म्हणजे दारापर्यंतची परवानगी. आत किती दिवस, काय काम करत आणि कुणाच्या जबाबदारीवर राहायचं, ही परवानगी वेगळी. नायजेरियात ती फार वेगळी आहे.

तिथे परदेशी माणसाला नोकरी देण्याचा हक्क आधी कंपनीला मिळवावा लागतो. त्याला 'एक्स्पॅट्रिएट कोटा' म्हणतात. तो तिथलं गृहमंत्रालय देतं. अमुक पदावर इतके परदेशी, इतक्या वर्षांसाठी, असं त्यात लिहिलेलं असतं आणि त्या परदेशी माणसाच्या हाताखाली नायजेरियाची माणसं शिकून तयार व्हावीत अशी अटही असते. म्हणजे जागा कंपनीची, माणूस तिच्यावर बसतो एवढंच. तो कोटा दाखवून कंपनी माणसासाठी 'एसटीआर' व्हिसा मागते. 'सब्जेक्ट टु रेग्युलरायझेशन', म्हणजे आल्यावर कायम करून घेण्याच्या अटीवर. हा अर्ज आपल्याकडे दिल्लीतल्या नायजेरियाच्या वकिलातीत होतो. सोबत नेमणुकीचं पत्र, ते स्वीकारल्याचं पत्र, शिक्षणाचे दाखले आणि कोट्याच्या मंजुरीची प्रत. शिवाय कंपनीने लिहून द्यायचं, की या माणसाची इमिग्रेशनची सगळी जबाबदारी आमची, वेळ आली तर परत पाठवण्याच्या खर्चासकट. त्या व्हिसावर उतरल्यानंतर तीन महिन्यांत कंपनीने 'सेरपॅक' काढायचं. हे राहण्याच्या परवान्याचं आणि परदेशी नोंदणीचं एकत्र कार्ड, बोलीभाषेत हिरवं कार्ड. २०१८ च्या अखेरीस त्याची वर्षाची फी एक हजारावरून दोन हजार डॉलर झाली. हा खर्च कुणी करायचा, हे नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्यावं. तोंडी आश्वासन पावसाळ्यातल्या छत्रीसारखं असतं, वारा आला की उलटतं.

"आणि माझा बिझनेस व्हिसा?" मुलाने विचारलं.

बिझनेस व्हिसा बैठकीसाठी, सौद्यासाठी, यंत्र पाहण्यासाठी. त्यावर नोकरी करता येत नाही. १ मे २०२५ पासून नायजेरियाने अल्प मुदतीच्या भेटींसाठी ई-व्हिसा सुरू केला, म्हणून तो इतक्या झटपट मिळाला. पण झटपट मिळालेला कागद पुरेसा असतो असं नाही. काही महिन्यांचं विशिष्ट तांत्रिक काम असेल, यंत्र बसवणं किंवा दुरुस्त करणं, तर 'टेम्पररी वर्क परमिट' असतं. तेही कंपनीनेच मागायचं. वर्ष-दोन वर्षांच्या नोकरीला मात्र एसटीआरचाच रस्ता. आणि नियमाप्रमाणे तो देशाबाहेरून सुरू होतो, आत गेल्यावर नाही. मुदत ओलांडली तर दंड होतो, पुन्हा प्रवेशावर बंदीही येऊ शकते. ती कंपनीच्या पासपोर्टावर येत नाही, आपल्या पासपोर्टावर येते!

वहिनींनी मध्येच विचारलं, "मग घाना बरा का? ह्याचा एक मित्र अक्राला गेलाय."

घानाची रीत थोडी निराळी आहे. २०१३ च्या तिथल्या गुंतवणूक कायद्याप्रमाणे कंपनीने किती भांडवल घातलं त्यावर परदेशी माणसांच्या जागा ठरल्या. ५० हजार डॉलरपासून एक जागा, सात लाखांच्या वर गेलं तर चार. बाकीच्यांनी कामाचा परवाना वेगळा काढायचा, मग घाना इमिग्रेशन सर्व्हिसकडून राहण्याचा परवाना, आणि त्यावर परदेशी रहिवाशांचं ओळखपत्र, ज्याचं दरवर्षी नूतनीकरण. बरीच वर्षं राहिलेल्याला बेमुदत वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. २००० सालच्या कायद्यात 'राइट ऑफ अबोड' नावाचा कायम राहण्याचा हक्कही आहे. पिढ्यांपूर्वी गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांनी परत यावं, ही त्यामागची मोठी भावना. पण नोकरीसाठी गेलेल्या बोरीवलीकराला दोन्हीकडे धडा एकच. परवान्यावर आपल्या नावाबरोबर आणखी एक नाव असतं. ते नाव पुसलं गेलं की आपलंही पुसट होतं.

आमचं तसंच झालं. १९८४ च्या उन्हाळ्यात ह्यांच्या कंपनीने त्या पदाचा कोटा वाढवून घेतलाच नाही. विसरले, की गिरणी मंदावली म्हणून मुद्दाम, ते आजही माहीत नाही. आम्हाला सांगितलं मुदत संपायला तीन आठवडे उरले असताना. दुसरी एक गिरणी ह्यांना घ्यायला तयार होती. पण तिला स्वतःच्या कोट्यात जागा काढून पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायला हवा होता आणि आम्हाला आधी बाहेर पडायला हवं होतं. आम्ही निघालो. साठवलेल्या नायरांतले किती इकडे आणता आले ते विचारू नका. १९८२ पासूनच तिथे परकी चलन बाहेर पाठवण्यावर निर्बंध आले होते.

इकडे परतलो तर ह्यांच्यासाठी गिरणी उरली नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलंच नाही. ह्यांनी पुढची वीस वर्षं दहिसरच्या एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहिले. मला शाळेत नोकरी मिळाली, पण नव्याने. आधीची सहा वर्षं गेली ती गेलीच. शिंप्याचं स्टँड आम्ही त्या घरातच सोडून आलो. तो परत आला असेल का, हे मनात येतं.

हे ऐकून वहिनींचा चेहरा उतरला. "म्हणजे पाठवूच नको म्हणता?"

तसं मुळीच नाही. आमची चार वर्षं वाईट नव्हती. शेजारच्या योरुबा आजीने माझ्या लेकाला पाठीला बांधून फिरवलं आहे. आजही नायजेरियात सुमारे साठ हजार भारतीय राहतात आणि त्यांत मराठी घरंही आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. नोव्हेंबरात पंतप्रधान त्या देशात गेले, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी त्यांच्यापाशी त्याबद्दल आनंद व्यक्त केला. माणसं तिथे सुखाने नांदतात. फक्त जाताना कागद वाचून जावं.

मग मी मुलाला एका कागदावर प्रश्न लिहून दिले. कोटा कोणत्या पदाचा आहे आणि कधी संपतो? एसटीआरचा अर्ज कंपनी कधी करणार? सेरपॅकचे पैसे कुणाचे? पुढेमागे बायको आली तर तिला कोणता परवाना? पासपोर्ट कुणाकडे राहणार? ह्यांनी गॅलरीतून आणखी एक जोडला, "एजंटचा परवाना क्रमांक विचार." परदेशी नोकरभरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी लागते, ती 'ई-मायग्रेट'च्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि त्याला तीस हजार रुपये अधिक करापेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. वहिनींनी नव्वद हजार दिले होते. त्या काही बोलल्या नाहीत, पेढ्यांच्या पुड्याची दोरी मात्र बोटाला गुंडाळत राहिल्या.

"आणि पिवळ्या तापाची लस?" मी विचारलं.

ती घ्यायची होती. बुधवारी घेतो म्हणाला, गुरुवारी विमान. लस टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या प्रमाणपत्राविना नायजेरियात अडवतात. आणि त्या देशांतून परत येताना ते नसेल तर आपले आरोग्य अधिकारीसुद्धा विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात पाठवू शकतात. आमच्या वेळी ते दहा वर्षं चालायचं. २०१६ पासून एकदा घेतलेली लस जन्मभर ग्राह्य धरतात. म्हणजे गुरुवारचं विमान त्या एका सुईमुळेच रद्द झालं. कधी कधी देव सुईच्या रूपानेही येतो.

त्यानंतरच्या आठवड्यात स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी रांगेत उभी होते. पुढे एक उंच आफ्रिकन मुलगा. पासपोर्टाच्या प्रती काढत होता, नायजेरियाचाच. मी धीर करून चाळीस वर्षांपूर्वीचं 'एकाबो' म्हटलं, म्हणजे या, स्वागत आहे. तो खळखळून हसला. म्हणाला, "आंटी, ते योरुबा. मी इग्बो!" विद्यार्थी होता. व्हिसाची मुदत वाढवायची होती. कॉलेजचा दाखला होता, पण घरमालक भाडेकरार नोंदवून द्यायला तयार नव्हता. पैसे घेतो, कागद देत नाही. आपल्याकडेही दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला चौदा दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते आणि राहण्याचा पुरावा द्यावा लागतो. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला, १९४६ चा जुना गेला. पण कायदा कुठलाही असो, त्या मुलाचं इथलं राहणं कुणा तिसऱ्याच्या सहीवर लोंबकळत होतं. लोकलमध्ये आपण अशा मुलांपासून जरा सरकून बसतो. त्या दिवशी मला त्याच्या जागी लागोसमधली मीच दिसले. माझ्या ओळखीच्या एका नोंदणी करून देणाऱ्याचा पत्ता मी त्याला दिला. मालकाशी बोलायलाही तो गृहस्थ गेला, आणि सही झाली.

वहिनींच्या मुलाची गोष्ट अशी, की त्याने ते प्रश्न थेट कंपनीला ई-मेलने पाठवले. नऊ दिवस उत्तर नाही. त्या नऊ दिवसांत वहिनी मला जिन्यात दिसल्या की मान वळवायच्या. पोराची नोकरी म्हातारीने घालवली असं त्यांना वाटत असणार, आणि मलाही रात्री तेच वाटायचं. दहाव्या दिवशी उत्तर आलं. कोट्याच्या मंजुरीची प्रत, पदाचं नाव, मुदत, सगळं. कंपनी सरळ होती. आखूड रस्ता एजंटने काढला होता. बिझनेस व्हिसा बाजूला पडला, दिल्लीला रीतसर अर्ज झाला आणि मुलगा गौरीगणपती करून, सप्टेंबरात गेला. नव्वद हजारांतले चाळीस परत मिळाले, उरलेल्यांसाठी वहिनींचा पाठपुरावा चालू आहे.

निघायच्या आदल्या दिवशी भाजणी आणि गोडा मसाला भरायला वहिनींनी माळ्यावरून एक पिशवी काढली. लाल-निळ्या चौकटींची, नायलॉनची. आपल्याकडे ती स्टेशनबाहेर मिळते, घरोघरी गोधड्या ठेवायला असते. मी तिचं तिकडचं नाव सांगितलं. वहिनींनी ती परत माळ्यावर टाकली आणि आमच्याकडची जुनी सुटकेस नेली.

डिसेंबरात त्याने हिरव्या कार्डाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "काकू, पासपोर्ट माझ्याकडेच आहे." मी चष्मा लावून आधी मुदत पाहिली. नव्या कालनिर्णयात त्या तारखेच्या तीन महिने आधीच्या चौकोनात लिहून ठेवलं आहे : कोट्याचं विचारणे.